सिमवाला फोर-जी राउटर, मुक्काम देवगड तालुका: अडीच वर्षं वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, राउटर (सिम टाकलं की घरभर वायफाय देणारा डबा) चांगला आहे. पण पहिले सहा दिवस मी त्याला शिव्या घालत होते आणि सातव्या दिवशी परत पाठवणार होते, बॉक्स पॅक करून टेप लावून दारात ठेवला होता. मग असं काही झालं की तो आजपण चालू आहे आणि हे मी त्याच्याच नेटवरून टाइप करतेय. कंपनीचं नाव सांगत नाही कारण या किमतीत चार कंपन्यांचे राउटर मिळतात आणि आतून सगळे बहिणी-बहिणी आहेत, दोन कान वर केलेले पांढरे डबे. मी ३,४५० ला घेतला. कॅटेगरी फोर, म्हणजे कागदावर १५० एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप), तो आकडा विसरून जा, आमच्याकडे १५० फक्त आंब्याच्या पेट्या असतात.

कशासाठी घेतला ते सांगते म्हणजे तुमचं माझं जुळतं का कळेल. मी पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात कामाला. जून २०२३ मध्ये आई पडवीत घसरून पडली, मांडीचं हाड, ऑपरेशन कोल्हापूरला झालं आणि मग घरी तिच्याजवळ कोणीतरी हवंच होतं. सर म्हणाले जा, पण महिन्याच्या अकरा तारखेला जीएसटीआर-वन आणि वीस तारखेला थ्री-बी, ही जीएसटीची दोन रिटर्न भरायची असतात, या दोन तारखांना तू मला ऑनलाइन पाहिजेस. बाकी दिवस काय, ऑफिसच्या कॉम्प्युटरला रिमोटने जोडायचं, टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडायची, एंट्र्या मारायच्या. म्हणजे मला सिनेमे बघायचे नव्हते, मोठ्या फायली उतरवायच्या नव्हत्या. मला फक्त तुटणार नाही असं नेट हवं होतं, आणि खिशाला परवडणारं, कारण पगार पुण्याचा असला तरी आईची औषधंपण त्याच्यातच.

आमची वाडी खोलात आहे. ज्यांनी देवगड-विजयदुर्गाकडचा भाग बघितलाय त्यांना कळेल, वर जांभ्याचा सपाट सडा, उघडाबोडका, आणि खाली घळीत माडाच्या आणि आंब्याच्या झाडांत घरं. टॉवर सड्यावर. घरं खाली. रेंज टॉवरवरून निघते आणि आमच्या डोक्यावरून समुद्राकडे जाते, मासे सगळे ऑनलाइन असतील. पहिल्याच दिवशी मी फोन हातात धरून अंगणात गोल गोल फिरत होते तर काका पडवीतून म्हणाले, "अगो चेडवा, रेंज व्हयी तर सड्यार जा." गावात सगळे हेच करतात. सड्यावर काजूच्या एका झाडाखाली संध्याकाळी आठ-दहा जण फोन घेऊन बसलेले असतात, तिथे एक दगडपण झालाय बसून बसून गुळगुळीत.

मी पण तेच केलं, तीन आठवडे. स्कूटीवर लॅपटॉपची बॅग, छत्री, बाटली, फोनचा हॉटस्पॉट. जून संपत आलेला, पाऊस कधी येईल नेम नाही, सड्यावर आडोसा म्हणजे तेच काजूचं झाड. फोन तासाभरात एवढा तापायचा की आपोआप उजेड कमी करायचा आणि मग हॉटस्पॉट बंद. एकदा एका पार्टीचं (म्हणजे ऑफिसच्या गिऱ्हाइकाचं) पेमेंटचं चलन बनवताना गायी आल्या आणि एकीने छत्री चावली. हसू नका, खरंच चावली.

मग खिशातला हॉटस्पॉट घेतला, ओएलएक्सवर वापरलेला, ९०० ला. छोटा साबणाच्या वडीएवढा, सिम टाकायचं, बॅटरीवर चालतो. याचा मोठा गैरसमज आहे लोकांचा, मला पण होता, की फोनला रेंज नाही तिथे हा पकडेल. नाही पकडणार. आतला अँटेना फोनएवढाच, किंबहुना फोनपेक्षा बारीक, जिथे फोन रडतो तिथे हा पण रडतो. फायदा एवढाच की फोन तापत नाही आणि फोन आला तर नेट तुटत नाही. तो मी अजून प्रवासाला वापरते, त्याबद्दल पुढे लिहिते. पण घरात ठेवून काम करायचं तर उपयोग शून्य, आणि सतत चार्जरला लावून ठेवला तर बॅटरी फुगते, माझ्याची फुगली, झाकण बसेना, बदलायला ३५० गेले.

तेव्हा मग हा राउटर मागवला. आला, मोठ्या हौसेने माजघरात देवाच्या फळीच्या बाजूला ठेवला, आईला म्हटलं आता बघ. लाल दिवा. मग हिरवा. मग लाल. स्पीड बघितला तर ०.४ एमबीपीएस. रिमोट जोडला की मी 'ए' दाबणार आणि तीन सेकंदांनी पुण्यात 'ए' उमटणार. लेजरमध्ये ५००० टाकायला गेले तर ५००००० झालं, कारण मी परत परत शून्य दाबलं आणि मग ती सगळी एकदम पोचली. सरांचा फोन आला, या पार्टीची एवढी उलाढाल कधीपासून झाली म्हणून.

सहा दिवस असंच. कस्टमर केअरला फोन केला तर पोरगा म्हणे मॅडम रीस्टार्ट करा. केलं. म्हणे फॅक्टरी रीसेट करा. केलं. म्हणे सिम बदला. म्हटलं बाबा सिम बदलायला मला १४ किलोमीटर जायला लागतं. म्हणे ठीक आहे, आणखी काही मदत हवी आहे का.

सातव्या दिवशी चुलतभाऊ आला, तो वायरमनचं काम करतो, पॅक केलेला बॉक्स बघून म्हणाला हे काय. सांगितलं. तो म्हणाला, "तू ह्या डबड्याक माजघरात ठेवलंस? चिऱ्याच्या भिंती किती जाड असत बघितलंस?" आणि खरंच मी विचारच केला नव्हता. आमचं घर आजोबांच्या वेळचं, जांभ्या चिऱ्याच्या दीड-दीड फूट भिंती, पावसात तो चिरा पाणी पितो, ओला झाला की रेंजला आणखी जड. माजघर तर घराच्या पोटात, चारी बाजूंनी भिंती. आणि पडवीवर आम्ही दोन वर्षांपूर्वी पत्रा टाकलाय, पत्रा म्हणजे तर रेंजला कुलूपच.

त्याने बॉक्स फोडला, लांब एक्सटेन्शन बोर्ड घेतला आणि दोघं माळ्यावर चढलो. माळा म्हणजे कौलांखाली, जिथे आंब्याच्या रिकाम्या पेट्या, जुनी पितळी भांडी आणि गणपतीची मखराची सामग्री असते. पूर्वेला एक लहानशी खिडकी आहे, खिडकी कसली, झरोका, लाकडी गजांचा. तिथून सड्याची कड दिसते आणि त्या कडेवर, झाडांच्या शेंड्यांच्या वर, टॉवरचं टोक. लाल दिवा लागतो रात्री, मला माहितीच नव्हतं की आमच्या घरातून टॉवर दिसतो. राउटर त्या झरोक्यात ठेवला. हिरवा दिवा. हिरवाच राहिला. स्पीड ११.

अकरा! मी माळ्यावर कोळिष्टकांत बसून रडले थोडीशी, भावाला सांगितलं धूळ गेली डोळ्यात.

म्हणून माझं म्हणणं हे की राउटर घेण्याआधी घरातली जागा शोधा, पैसे तिथे वाचतात. कौलं रेंजला फारशी अडवत नाहीत, चिरा अडवतो, स्लॅब अडवतो, पत्रा तर विचारूच नका. आणि फोनच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका, चार काड्या दाखवून नेट शून्य असतं हे सगळ्यांनी अनुभवलंय. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की उघडतं, पासवर्ड डब्याच्या पोटावर चिकटवलेला असतो) आरएसआरपी म्हणून रेंजची ताकद सांगणारा एक आकडा असतो, उणे मध्ये, डीबीएम या मापात. शून्याकडे जेवढा जवळ तेवढा चांगला. उणे ८५ असेल तर राजा. उणे ११० च्या पुढे गेला की रामराम. माझा माजघरात उणे ११४ होता, झरोक्यात उणे ९५. एकोणीसचा फरक कागदावर बारीक वाटतो पण हे आकडे साधे नसतात, दर तीनला ताकद दुप्पट होते, म्हणजे एकोणीस म्हणजे जवळजवळ ऐंशीपट. घर तेच, सिम तेच, डबा तोच. अँड्रॉइड फोनवर पण हा आकडा बघायला फुकट ॲप मिळतात, आधी फोन घेऊन सगळ्या खोल्या, माळा, गच्ची, गोठा सगळं फिरून घ्या, पाहिजे तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिम टाकून, आणि मग ठरवा. कव्हरेजचे नकाशे कंपन्यांच्या वेबसाइटवर असतात, आणि तरंग संचार नावाच्या सरकारी पोर्टलवर आपल्या आसपास टॉवर कुठे कुठे आहेत ते दिसतं, पण घळीतल्या वाडीचं दुःख नकाशाला कळत नाही, शेवटी पायांनीच फिरावं लागतं.

आता वायरीची गोष्ट, ही महत्त्वाची, इथे लोक पैसे घालवतात. मला बाजारातल्या एका डिशवाल्याने सांगितलं होतं की वर खांबाला माशाच्या काट्यासारखा अँटेना लावू, तिथून पंधरा मीटर वायर खाली आणू आणि राउटर खोलीत ठेवू, २,८०० होतील. ऐकायला बरोबर वाटतं ना, जुन्या दूरदर्शनसारखं. पण ती अँटेनाची पातळ काळी वायर सिग्नल पिते. दहा मीटरमध्येच निम्म्याहून जास्त खलास होतो, मग अँटेनाने वर जे कमावलं ते वायरीने खाली येईपर्यंत खाल्लं. त्यापेक्षा राउटरच वर ठेवायचा, अँटेनाच्या बुडाशी, आणि तिथून लॅनची वायर (राउटर-कॉम्प्युटर जोडतात ती) खाली आणायची. लॅनची वायर शंभर मीटरपर्यंत काही होत नाही तिला. मी १८ मीटर घेतली, दोन्ही टोकं लावून ४२० रुपये. खाली एक जुना साधा वायफाय राउटर होता पुण्याचा, तो जोडला, झालं. माजघरात वायफाय, पडवीत वायफाय, आईच्या खाटेवर सुद्धा, ती आता कीर्तनं बघते. एक चूक केली, वायर मोजून अगदी बरोबर घेतली, नंतर माकडांनी कौलं सरकवली तेव्हा ती दुसऱ्या बाजूने फिरवावी लागली आणि कमी पडली. चार मीटर जास्तच घ्या.

नंतर दिवाळीत मी त्या दोन कानांच्या जागी बाहेरचे मोठे अँटेना लावून बघितले, दिशेचे, दोन नगांची जोडी १,६०० ला, मीटरभरच्या वायरीचे. उणे ९५ चं उणे ८८ झालं. स्पीड ११ चा १५-१६. गरज होती का? खरं सांगायचं तर नव्हती, हौस. पण पावसाळ्यात उपयोग होतो, कारण जून ते सप्टेंबर समोरचा आंबा आणि फणस भिजून उभे असतात आणि ओलं पान रेंज अडवतं, पाऊस असताना आकडा पाच-सहा खाली जातो.

स्पीडचा पण एक किस्सा आहे. सगळे विचारतात किती एमबीपीएस. अरे रिमोटवर काम करणाऱ्याला पाच पण पुरतात, त्याला पाहिजे असतो पिंग, म्हणजे आपण बटण दाबल्यापासून तिकडून उत्तर यायला लागणारा वेळ. माझा पिंग चांगल्या दिवशी ४५ ते ६० मिलिसेकंद असतो, टॅली एकदम पुण्यात बसल्यासारखी चालते. पिंग ३०० झाला की एंट्री मारताना चक्कर येते, मग स्पीड वीस असला तरी. व्हिडिओ मीटिंगचं गणित वेगळं, ते डेटा खातं, तासाला पाऊण-एक जीबी सहज, मी कॅमेरा बंद ठेवते, सर पण आता म्हणत नाहीत कारण एकदा कॅमेरा चालू केला तेव्हा मागे आमचा बोका आंब्याच्या पेटीत बाळंत... बोका कसला, मांजर होती ती, आम्हाला त्या दिवशी कळलं.

खर्चाकडे येते. राउटरमध्ये साधं प्रीपेड सिम. मी सुरुवात केली तेव्हा जिओचा दिवसाला दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ ला होता, जुलै २०२४ मध्ये सगळ्यांनीच भाव वाढवले आणि तो २९९ झाला. २८ दिवस म्हणजे महिना नाही हे लक्षात ठेवा, वर्षाला बारा नाही तेरा रिचार्ज होतात, हिशोबाचं काम करूनसुद्धा हे माझ्या सहा महिन्यांनी ध्यानात आलं. दीड जीबी मला पुरतो. माझं रिमोटचं काम दिवसभरात पाऊण जीबीपण खात नाही. ज्या दिवशी विंडोज गुपचूप अपडेट घेते त्या दिवशी दुपारी दोनला दीड जीबी संपतो आणि मग स्पीड ६४ केबीपीएस, म्हणजे जोडलेलं आहे पण जिवंत नाही अशी अवस्था. लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, म्हणजे विंडोज गुपचूप डेटा खात नाही, लगेच, आज. आणि भाचे सुट्टीत आले की पासवर्ड बदला. मी बदलते. वाईट मावशी आहे मी.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत, ते अनलिमिटेड फाइव्ह-जी फोनसाठी असतं. फोर-जी राउटरमध्ये सिम टाकलं की फोर-जीचाच कोटा चालणार, जाहिरात बघून त्यात फसू नका. आमच्या टॉवरला तर फाइव्ह-जी अजून यायचंय.

कोणतं सिम घ्यायचं हे गावाने ठरवायचं, तुम्ही नाही. प्रत्येक कंपनीकडे वेगवेगळ्या लहरी (बँड) आहेत, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झवाली लांब जाते आणि भिंतीत पण शिरते, १८०० मधली, २३०० वाली जोरात पळते पण लवकर दमते. खोलातल्या घराला कमी आकड्याची लहर बरी. महागड्या राउटरमध्ये हवी ती लहर पक्की करून ठेवता येते, माझ्यात ती सोय नाही आणि ही माझी मोठी तक्रार आहे, कारण रात्री कधी कधी हा शहाणा आपणहून २३०० वर उडी मारतो आणि सकाळपर्यंत लंगडतो. मग माळ्यावर चढून बंद-चालू करा.

पहिली खरी परीक्षा गणपतीत झाली. त्या वर्षी, २०२३ ला, गणपती १९ सप्टेंबरला बसले. आणि थ्री-बीची शेवटची तारीख २०. आता कोकणातल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही. मुंबईचे चाकरमानी आले, प्रत्येक घरात आठ-दहा माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येकाला आपल्या गणपतीचा व्हिडिओ तिथल्या तिथे पाठवायचा. टॉवर एकच. रेंज फुल, उणे ९४, आकडा सुंदर, आणि स्पीड ०.३. म्हणजे रस्ता चांगला पण ट्रॅफिक पनवेलसारखं. संध्याकाळी आरत्या चालू, मी माळ्यावर मखराच्या रिकाम्या खोक्यांत लॅपटॉप घेऊन, खाली टाळ-झांजा, वर जीएसटी पोर्टलचं चाक फिरतंय. सहा पार्ट्यांचं रिटर्न बाकी होतं. ओटीपी यायचा पण पोर्टलचं पान उघडेपर्यंत त्याची दहा मिनिटं संपायची. साडेदहाला सोडून दिलं, आईने मोदक आणून दिले वर, जिना चढता येत नव्हता म्हणून खालून टोपलीला दोरी बांधून. मग पहाटे पावणेचारला उठले. सगळा गाव झोपलेला. स्पीड १३. पंचेचाळीस मिनिटांत सहाही रिटर्न गेले आणि मी खाली येऊन गणपतीपुढची समई सारखी केली. तेव्हापासून गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले दोन आठवडे माझं काम पहाटे चार ते आठ. यात राउटरचा दोष नाही, कितीही महागाचा घ्या, टॉवरवर जी गर्दी होते तिला घरातला डबा काही करू शकत नाही.

लाईटचं पण तसंच. घरात राउटरला छोटा यूपीएस लावलाय, बारा व्होल्टचा, १,३५० ला, राउटर फार वीज खात नाही त्यामुळे चार तास आरामात जातो. पण पूर्ण भागाची लाईट गेली की टॉवरची बॅटरी पण तीन-चार तासांत बसते, मग घरात तुमचा यूपीएस जिवंत आणि वर टॉवर झोपलेला. जुलैमध्ये एकदा झाड पडून दोन दिवस लाईट नव्हती, सरांना आधीच्या रात्री फोन करून सांगितलं की उद्या मी नाही. अशा वेळी मी देवगडला एका ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडे बसते, त्याच्याकडे फायबरचं (वायरीतून येणारं) नेट आहे, तो तासाचे २० घेतो आणि चहा फुकट.

गडगडाटाची एक सूचना. परतीच्या पावसात, ऑक्टोबरमध्ये, वीज कडाडायला लागली की मी लॅनची वायर आणि अडॅप्टर दोन्ही काढून ठेवते. पहिल्या वर्षी नाही काढली, खालच्या जुन्या राउटरचं एक पोर्ट जळलं. नशीब एवढ्यावर भागलं.

आणि एक, ते 'मोबाईल सिग्नल बूस्टर' म्हणून साडेतीन-चार हजाराला ऑनलाइन मिळतात ते घेऊ नका. मला पण मोह झाला होता. परवानगीशिवाय ते लावणं बेकायदा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यामुळे टॉवरला गोंगाट होतो आणि आसपासच्या सगळ्यांचीच रेंज बिघडते, म्हणजे तुमच्यामुळे काजूच्या झाडाखालची मंडळी बोंबलणार. सिमवाला राउटर आणि त्याला अँटेना ही गोष्ट वेगळी, तो फोनसारखाच एक गिऱ्हाईक आहे.

राउटरच्या बारीकसारीक तक्रारी: मे महिन्यात कौलांखाली भट्टी असते, दुपारी एक ते चार हा हँग होतो, मी खाली दोन बांगड्या ठेवून त्याला उचलून ठेवलाय म्हणजे पोटाखालून वारा जाईल, आणि त्याने खरंच फरक पडला. अडॅप्टर चौदा महिन्यांत गेला, वॉरंटी बारा महिन्यांची, कंपन्यांना ज्योतिष येतं. एसएमएस राउटरच्या पानावर येतात, रिचार्ज संपत आल्याचा निरोप त्याच्याच पोटात पडून राहतो आणि आपल्याला कळतं ते नेट गेल्यावर, तर त्या सिमच्या कंपनीच्या ॲपमध्ये तारीख बघून फोनवर आठवण लावून ठेवा. बँकेला या सिमचा नंबर चुकूनही देऊ नका, माझ्या मैत्रिणीने तिच्या राउटरचा दिला आणि ती ओटीपी बघायला शिडी चढते.

प्रवासाचं थोडक्यात. मी दोन महिन्यांतून एकदा पुण्याला जाते, मुंबईला गेले तर कणकवलीहून रेल्वेने. खिशातला हॉटस्पॉट तेव्हा कामाला येतो, पण कोकण रेल्वेत गाडी पळत असताना काम होईल हा भ्रम ठेवू नका, बोगद्यांमागून बोगदे, रत्नागिरीजवळचा करबुड्याचाच एक साडेसहा किलोमीटरचा. मी गाडीत ऑफलाइन एक्सेल करते आणि स्टेशन आलं की पाठवते. मोठ्या स्टेशनांवर रेलटेल या रेल्वेच्या कंपनीचं रेलवायर वायफाय असतं, जानेवारी २०१६ मध्ये गुगलबरोबर मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेलं, गुगल नंतर बाहेर पडलं पण वायफाय राहिलं. पहिला अर्धा तास फुकट, नंतर पैसे, २०२१ मध्ये आले तेव्हा दहा रुपयांत दिवसाला पाच जीबी असे प्लॅन होते, म्हणजे स्टेशनवरच्या वड्यापेक्षा स्वस्त. गाडी तीन तास लेट असताना एवढं चांगलं काही नाही. नोंदणीला ओटीपी लागतो तेवढा फोन चालू ठेवा. बँकेचे व्यवहार मात्र मी अशा उघड्या वायफायवर करत नाही, ऑफिसच्या व्हीपीएनमधूनच (सुरक्षित जोडणीतूनच) काम.

पीएम-वाणी पण ऐकलं असेल, डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली योजना, पानटपरीवाला किंवा किराणावाला लायसन्सशिवाय वायफाय विकू शकतो, पाच-दहा रुपयांची कुपनं, एकेकाळच्या पीसीओसारखं. कल्पना झकास आहे, मला पुण्यात दोन ठिकाणी मिळालं, आमच्या तालुक्यात अजून एकही दिसलं नाही. काजूच्या झाडाखाली कोणीतरी टपरी टाका रे, धंदा होईल.

आता कोणी घ्यावा. गावाकडे जाऊन महिना-दोन महिने राहणार, एकदोन माणसं, टायपिंग-मेल-रिमोटचं काम, आणि घरात कुठेतरी एका कोपऱ्यात तरी उणे १०० च्या आत आकडा येतो, त्याने डोळे झाकून घ्यावा. माझा सगळा मिळून, राउटर, वायर, यूपीएस, अँटेना, ६,८२० खर्च झाला आणि वर २८ दिवसांना २९९. चार जणांच्या घराला, पोरं गेम खेळणारी, सगळ्यांना व्हिडिओ, त्यांना हे पुरणार नाही, दारापर्यंत फायबर येत असेल तर सरळ ते घ्या, विचारच करू नका. आणि जिथे अंगणात, माळ्यावर, माडावर कुठेच आकडा नाही तिथे राउटरने जादू होत नाही, तिथे सड्यावरचा दगडच. उपग्रहाचं नेट, स्टारलिंकला जून २०२५ मध्ये आपल्याकडे परवाना मिळालाय, त्याची वाट बघणारे आमच्या गावात पण दोघं आहेत, पण बाहेरच्या देशातले भाव बघितले तर ते माझ्या पगाराचं काम वाटत नाही.

गेल्या महिन्यात फायबरवाले येऊन सड्यापासून आमच्या वाडीपर्यंत खांब मोजून गेले. म्हणाले शिमग्याच्या आत आणतो. काकांनी विचारलं, "खंयच्या शिमग्याक?" तर हसले आणि चहा पिऊन गेले. मी तोपर्यंत राउटरसाठी नवीन अडॅप्टर मागवून ठेवलाय, एक चालू आणि एक पितळी भांड्यांच्या मागे. ज्याला मॉडेल नंबर पाहिजे त्याने विचारा, माळ्यावर चढल्यावर बघून सांगते, तो पोटाखाली लिहिलेला आहे आणि पोटाखाली बांगड्या आहेत.